परिचर्या शिक्षणातील विद्यापीठ–रुग्णालय भागीदारी (युनायटेड किंग्डम)

परिचर्या शिक्षणातील विद्यापीठ–रुग्णालय भागीदारी म्हणजे परिचारिकांना पदवी देणारे विद्यापीठ आणि त्यांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण जेथे होते ती रुग्णालये, दवाखाने, वृद्धांची सेवागृहे व गृहभेटी देणारी आरोग्यपथके यांच्यातील औपचारिक सहकार्य होय. युनायटेड किंग्डममध्ये नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठीच्या अभ्यासक्रमात किमान ४,६०० तासांचे शिक्षण आवश्यक असून त्यांपैकी किमान २,३०० तास प्रत्यक्ष कामातून शिकण्यासाठी राखून ठेवलेले असतात. आठवड्याला साडेसदतीस तास धरल्यास हा काळ सुमारे ६१ आठवड्यांचा होतो. अशा प्रकारे शिक्षणाचा अर्धा भाग ज्या जागी पार पडतो, ती जागा विद्यापीठाच्या मालकीची नसते आणि तेथे शिकवणाऱ्या व्यक्ती विद्यापीठाच्या नोकरीत नसतात. विद्यार्थ्याचे शिक्षण, त्याचे मूल्यमापन आणि त्याच्या हातून सेवा घेणाऱ्या रुग्णाची सुरक्षितता यांची जबाबदारी दोन संस्थांमध्ये कशी वाटली जावी, हा या भागीदारीतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये या क्षेत्राचे नियमन 'नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल' ही वैधानिक परिषद करते. परिषदेच्या परिभाषेत विद्यापीठाला 'मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था' आणि प्रशिक्षणाची जागा देणाऱ्या संस्थेला 'प्रात्यक्षिक शिक्षण भागीदार' असे म्हणतात. विद्यार्थ्याच्या अशा ठिकाणच्या ठरावीक मुदतीच्या नेमणुकीस 'प्लेसमेंट' ही संज्ञा रूढ आहे.

पार्श्वभूमी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने जमलेल्या निधीतून इ.स. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. त्यानंतर ब्रिटनमध्ये शतकाहून अधिक काळ परिचर्येचे शिक्षण मुख्यतः रुग्णालयांतच राहिले. विद्यालय रुग्णालयाचे, शिक्षिका रुग्णालयाच्या आणि विद्यार्थिनीही रुग्णालयाच्याच पगारावर, अशी ही उमेदवारीची पद्धत होती. या पद्धतीत दोन संस्थांच्या समन्वयाचा प्रश्न उद्भवत नसे, परंतु तिच्यात वेगळा दोष होता. विद्यार्थिनी हा वॉर्डाच्या मनुष्यबळाचाच भाग असल्याने तिला कोठे पाठवायचे हे तिच्या शिकण्याच्या गरजेपेक्षा रुग्णालयाच्या कामाच्या गरजेवर ठरत असे. रात्रपाळीला माणसे कमी पडली की वर्ग मागे पडत.

एडिनबरा विद्यापीठात इ.स. १९५६ मध्ये परिचर्या अध्ययनाचा विभाग स्थापन झाला आणि या विषयाला ब्रिटिश विद्यापीठात प्रथमच स्थान मिळाले. तथापि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण त्यानंतरही दीर्घकाळ अल्पच राहिले.

विद्यापीठांकडे स्थलांतर

तत्कालीन नियामक संस्थेने इ.स. १९८६ मध्ये 'प्रोजेक्ट २०००' या नावाने शिक्षणाच्या पुनर्रचनेचा आराखडा मांडला. शासनाच्या मान्यतेनंतर इ.स. १९८९ पासून इंग्लंडमध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या सुधारणेने विद्यार्थ्यांना कर्मचारीसंख्येबाहेरचा दर्जा दिला. विद्यार्थी वॉर्डात काम करेल, मात्र त्या पाळीला लागणाऱ्या परिचारिकांच्या गणतीत तो धरला जाणार नाही, असा याचा अर्थ होता. रुग्णालयांची जुनी परिचर्या विद्यालये आधी परिचर्या महाविद्यालयांत एकत्र आली आणि १९९० च्या दशकात विद्यापीठांत विलीन झाली.

या स्थलांतराने शिक्षणाला विद्यापीठाचा दर्जा लाभला, परंतु शिक्षिका आणि वॉर्ड यांच्यातील रोजचा संबंध तुटला. शिक्षक विद्यापीठाच्या आवारात गेले आणि त्यांच्यावर संशोधन व अध्यापनाचे नवे ओझे आले. वॉर्डातील परिचारिकांकडे विद्यार्थी येत राहिले, पण त्यांच्या अभ्यासक्रमाची माहिती परिचारिकांना पूर्वीइतकी राहिली नाही. नव्या पदविकाधारकांमध्ये प्रात्यक्षिक कौशल्ये व आत्मविश्वास कमी असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. याच काळात नियामक संस्थेने नेमलेल्या आयोगाचा 'फिटनेस फॉर प्रॅक्टिस' हा अहवाल इ.स. १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासक्रमाच्या आरंभापासून प्रात्यक्षिकावर भर आणि शिक्षणसंस्था व आरोग्यसेवा यांच्यात अधिक घट्ट सहकार्य, हे त्याच्या शिफारशींचे प्रमुख सूत्र होते.

इ.स. २०१३ पर्यंत नव्याने प्रवेश घेणाऱ्या सर्व परिचारिकांसाठी पदवी अनिवार्य झाली. युरोपातील नऊ देशांच्या रुग्णालयांचा अभ्यास इ.स. २०१४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता, पदवीधर परिचारिकांच्या प्रमाणातील प्रत्येक दहा टक्के वाढीमागे सुमारे सात टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. हा सांख्यिकीय संबंध आहे. केवळ पदवीमुळेच मृत्यू टळले असा निष्कर्ष त्यातून थेट काढता येत नाही. तरीही विद्यापीठीय शिक्षणाच्या समर्थनार्थ हा अभ्यास वारंवार उद्धृत होतो.

भागीदारीचे घटक

करार व जबाबदाऱ्या

विद्यापीठ आणि प्रशिक्षण देणारी संस्था यांच्यात लेखी करार असतो. विद्यार्थ्यांची आरोग्यतपासणी, गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी, विमा, संसर्ग-नियंत्रणाचे प्राथमिक प्रशिक्षण, अपघात झाल्यास करावयाची नोंद, गैरवर्तनाच्या तक्रारीची हाताळणी व विद्यार्थ्याला परत बोलावण्याची पद्धत या बाबी त्यात नमूद असतात. मान्यता देताना परिषद केवळ विद्यापीठाचा अभ्यासक्रम तपासत नाही. तो अभ्यासक्रम भागीदार संस्थांच्या सहभागाने आखला गेला आहे काय आणि तो राबवण्याची त्यांची क्षमता आहे काय, हेही पाहिले जाते. आराखड्यात रुग्णसेवा घेणाऱ्या नागरिकांचा सहभागही अपेक्षित असतो.

क्षमता व पाहणी

एखाद्या वॉर्डात एका वेळी किती विद्यार्थी शिकू शकतील हे तेथील खाटांवरून ठरत नाही. नोंदणीकृत परिचारिकांची संख्या, पाळ्यांची रचना, रुग्णांच्या आजाराचे स्वरूप आणि त्याच वेळी तेथे असणारे इतर अभ्यासक्रमांचे विद्यार्थी या सर्वांचा विचार करावा लागतो. यासाठी ठरावीक कालावधीने शैक्षणिक पाहणी केली जाते. ती विद्यापीठ व रुग्णालय यांनी मिळून केली, तर तिचे निष्कर्ष दोघांनाही बांधील वाटतात. केवळ विद्यापीठाने भरून घेतलेला तक्ता असेल, तर ती कागदोपत्री औपचारिकता ठरण्याची शक्यता असते.

एकाच रुग्णालयात अनेक विद्यापीठांचे विद्यार्थी येतात, तेव्हा वेगळी अडचण उद्भवते. प्रत्येक विद्यापीठाची मूल्यमापन-पुस्तिका निराळी असल्यास वॉर्डातील परिचारिकेला एकाच कौशल्यासाठी अनेक प्रकारचे तक्ते शिकावे लागतात. लंडनमधील विद्यापीठांनी व आरोग्यसेवा संस्थांनी मिळून एक सामाईक पुस्तिका तयार केली आणि तिचा वापर पुढे इंग्लंडच्या इतर भागांतही झाला. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या विद्यापीठांनी कागदपत्रांच्या बाबतीत एकत्र येणे, हे या क्षेत्रातील सहकार्याचे ठळक उदाहरण मानले जाते.

दुवा साधणाऱ्या व्यक्ती

विद्यापीठाकडून विशिष्ट रुग्णालयासाठी किंवा वॉर्डासाठी नेमलेल्या अध्यापकास 'लिंक लेक्चरर' म्हणतात. आरोग्यसेवेकडून 'प्रॅक्टिस एज्युकेशन फॅसिलिटेटर' हे पद असते. वॉर्डातील परिचारिकांना शिकवण्यासाठी तयार करणे, नव्या जागा शोधणे आणि विद्यार्थ्यांच्या अडचणी वेळीच सोडवणे ही त्या पदाची कामे होत. लिंक लेक्चररच्या भेटी नियमित नसतील, तर अडचण विद्यापीठापर्यंत पोहोचते तेव्हा नेमणुकीची मुदत बहुधा संपत आलेली असते.

आर्थिक बाजू

इंग्लंडमध्ये प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार ठरावीक दराने शासकीय निधी मिळतो. इ.स. २०१७ पूर्वी किती विद्यार्थ्यांना प्रवेश द्यायचा हे आरोग्यसेवेकडून ठरत असे, त्यांचे शुल्क शासन भरत असे आणि विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळत असे. त्या वर्षापासून इंग्लंडमध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी ही व्यवस्था संपुष्टात आली आणि त्यांना शुल्कासाठी कर्ज घ्यावे लागू लागले. इ.स. २०२० पासून त्यांना वर्षाला किमान ५,००० पौंडांचे, परतफेड न करावे लागणारे अनुदान सुरू झाले. स्कॉटलंडने मात्र विद्यावेतन कायम ठेवले. या बदलानंतर विद्यापीठांना प्रवेशसंख्या वाढवण्यास मोकळीक मिळाली, परंतु वॉर्डातील प्रशिक्षणाच्या जागा त्या प्रमाणात वाढवणे शक्य नव्हते. त्यामुळे प्रवेशांची खरी मर्यादा वर्गखोलीऐवजी वॉर्डाकडून ठरते, ही बाब अधिक ठळकपणे पुढे आली.

मूल्यमापन आणि अनुत्तीर्ण करण्याचा प्रश्न

भागीदारी भक्कम आहे की नाही, याची परीक्षा अपात्र विद्यार्थ्याच्या बाबतीत होते. कॅथलीन डफी यांनी स्कॉटलंडमध्ये केलेला आणि इ.स. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात मूलभूत मानला जातो. विद्यार्थ्याच्या क्षमतेविषयी शंका असूनही मार्गदर्शक परिचारिका त्याला उत्तीर्ण करतात, असे त्यांना आढळले. यामागे अनेक कारणे होती. विद्यार्थ्याच्या उणिवा उशिरा लक्षात येत किंवा लेखी नोंदवल्या जात नसत. पुढच्या नेमणुकीत तो सुधारेल, असे मानून त्याला संधी दिली जाई. निर्णय घेण्याचे मानसिक ओझे मार्गदर्शकाला एकटीला वाहावे लागे. विद्यापीठ आपला निर्णय फिरवील, अशी भीतीही काहींना वाटत असे.

या वर्तनाचा परिणाम थेट रुग्णावर होतो. प्रत्येक वॉर्डाने शंकेचा फायदा दिला, तर तीन वर्षांच्या अखेरीस अकुशल व्यक्तीचे नावही परिचारिकांच्या नोंदवहीत चढू शकते. विद्यार्थ्यावरही यात अन्याय होतो, कारण उणीव पहिल्या वर्षी सांगितली गेली असती तर ती भरून काढण्यास त्याला वेळ मिळाला असता.

पूर्वीच्या पद्धतीत एकच मार्गदर्शक विद्यार्थ्याला शिकवत असे आणि त्याचे मूल्यमापनही करत असे. परिषदेच्या इ.स. २०१८ च्या मानकांनी ही भूमिका तीन व्यक्तींमध्ये विभागली :

• प्रात्यक्षिक पर्यवेक्षक – रोजच्या कामात विद्यार्थ्याला शिकवतो, त्याच्यावर देखरेख ठेवतो आणि प्रगतीची नोंद करतो.
• प्रात्यक्षिक मूल्यमापक – पर्यवेक्षकांच्या नोंदी व स्वतःचे निरीक्षण यांच्या आधारे विद्यार्थ्याच्या कौशल्याविषयी निर्णय देतो. एकाच विद्यार्थ्याचा तो एकाच वेळी पर्यवेक्षक असू शकत नाही.
• शैक्षणिक मूल्यमापक – विद्यापीठाच्या वतीने प्रात्यक्षिक मूल्यमापकासोबत विद्यार्थ्याला पुढील टप्प्यात पाठवण्याची शिफारस करतो. अभ्यासक्रमाच्या लागोपाठच्या टप्प्यांत ही व्यक्ती बदलते.

शिकवणारी व्यक्ती आणि निर्णय देणारी व्यक्ती वेगळी ठेवल्याने वैयक्तिक जिव्हाळ्याचा प्रभाव कमी व्हावा आणि कठीण निर्णयाचे ओझे दोन्ही संस्थांनी मिळून उचलावे, हा या रचनेमागील हेतू आहे. मात्र मूल्यमापक विद्यार्थ्याला पुरेसा वेळ पाहू शकला नाही, तर त्याचा निर्णय इतरांच्या नोंदींवरच अवलंबून राहतो. म्हणूनच पर्यवेक्षकाने नोंदी स्पष्ट व वेळेवर लिहिणे या पद्धतीत अत्यावश्यक ठरते.

रुग्णसुरक्षा आणि विद्यार्थ्यांचा आवाज

इंग्लंडमधील स्टॅफर्ड रुग्णालयात इ.स. २००५ ते २००९ या काळात झालेल्या रुग्णांच्या गंभीर हेळसांडीची सार्वजनिक चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली झाली. तिचा अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्यात २९० शिफारशी होत्या. वैद्यकीय प्रशिक्षणावरील भागात अहवालाने नमूद केले की, प्रशिक्षणाची पाहणी करणाऱ्या यंत्रणांनी रुग्णसुरक्षेकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. रुग्णसेवेची मूलभूत मानके पाळली जात नाहीत अशा जागी प्रशिक्षण होऊ नये, प्रशिक्षणार्थींकडून थेट माहिती घेतली जावी आणि उणिवा दाखवणाऱ्यांना संरक्षण मिळावे, अशा शिफारशी त्यात करण्यात आल्या.

या चौकशीनंतर प्रशिक्षणार्थीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. विद्यार्थी अनेक वॉर्ड व अनेक रुग्णालये पाहतो, त्यामुळे एका ठिकाणी 'असेच चालते' म्हणून स्वीकारलेली गोष्ट त्याला खटकू शकते. मात्र ज्यांच्या वर्तनाविषयी तक्रार करायची, त्यांच्याच हाती त्याचे मूल्यमापन असते. ही कोंडी फोडण्याची जबाबदारी भागीदारीतील दोन्ही पक्षांवर येते. विद्यार्थ्याने तक्रार कोणाकडे करावी, रुग्णालय तिची दखल किती दिवसांत घेईल आणि विद्यार्थ्याची नेमणूक सुरू राहील की बदलेल, हे आधीच ठरलेले असावे लागते. एप्रिल २०१५ पासून गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना मिळणारे कायदेशीर संरक्षण परिचर्या व प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणार्थींनाही लागू करण्यात आले.

विद्यापीठाच्या दृष्टीने यात एक पेच असतो. एखाद्या वॉर्डातून विद्यार्थी काढून घेतल्यास तितक्याच जागा दुसरीकडे तातडीने शोधाव्या लागतात. जागांचा तुटवडा असताना निकृष्ट वॉर्डाकडे दुर्लक्ष करण्याचा मोह निर्माण होतो. रुग्णालयाशी संबंध बिघडू नयेत म्हणून अप्रिय माहिती दडपली जात असेल, तर ती भागीदारी वरवर सलोख्याची दिसली तरी दुबळी असते.

अध्यापनाची प्रारूपे

प्रशिक्षणाच्या जागा वाढवण्यासाठी आणि शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी विविध प्रारूपे वापरली जातात.

केंद्र आणि शाखा : विद्यार्थ्याला दीर्घ मुदतीसाठी एक मुख्य वॉर्ड दिला जातो आणि तेथील रुग्णांच्या प्रवासाला अनुसरून त्याला थोड्या दिवसांसाठी इतर विभागांत पाठवले जाते. उदाहरणार्थ, अस्थिव्यंग विभागात नेमलेला विद्यार्थी रुग्णासोबत शस्त्रक्रियागृह, भौतिकोपचार विभाग व घरभेट असा क्रम पाहतो.

सहयोगी प्रात्यक्षिक शिक्षण : अ‍ॅमस्टरडॅममधील विद्यापीठ रुग्णालयाच्या पद्धतीवरून ईस्ट अँग्लिया विद्यापीठ व त्याच्या भागीदार रुग्णालयांनी हे प्रारूप इंग्लंडमध्ये विकसित केले. यात एक परिचारिका एकाच वेळी काही विद्यार्थ्यांची प्रशिक्षक असते. विद्यार्थी नेमून दिलेल्या थोड्या रुग्णांची संपूर्ण सेवा तिच्या देखरेखीखाली करतात आणि वरिष्ठ विद्यार्थी कनिष्ठांना शिकवतात. थेट उत्तर न देता प्रश्न विचारून विद्यार्थ्याला विचार करायला लावणे, हे प्रशिक्षकाचे मुख्य काम असते.

समर्पित शिक्षण विभाग : हे प्रारूप १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील फ्लिंडर्स विद्यापीठात पुढे आले. ऑस्ट्रेलियातही परिचर्येचे शिक्षण १९८० च्या दशकापासून रुग्णालयांतून उच्च शिक्षणाकडे नेण्यात आले होते आणि ब्रिटनसारखीच दरी तेथे निर्माण झाली होती. या प्रारूपात संपूर्ण वॉर्ड एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी निश्चित केला जातो आणि वॉर्डातील परिचारिका व विद्यापीठाचे अध्यापक मिळून शिकवतात. तेच लोक वर्षानुवर्षे एकत्र काम करत असल्याने अभ्यासक्रम, अपेक्षा व परस्परांचा विश्वास हे सर्व हळूहळू पक्के होते. अमेरिकेतील पोर्टलंड विद्यापीठाने इ.स. २००३ पासून हे प्रारूप स्वीकारले.

सदृशीकरण : पुतळे, प्रशिक्षित अभिनेते व आभासी प्रसंग यांच्या साहाय्याने सराव करवून घेतला जातो. परिषदेच्या इ.स. २०२३ च्या बदलांनुसार निकष पूर्ण करणाऱ्या विद्यापीठांना २,३०० तासांपैकी कमाल ६०० तास अशा प्रकारे पूर्ण करण्याची परवानगी मिळू शकते. दुर्मीळ पण जीवघेण्या प्रसंगांचा सुरक्षित सराव हा याचा लाभ आहे. मात्र दुखणाऱ्या, घाबरलेल्या किंवा न बोलणाऱ्या खऱ्या रुग्णाच्या सहवासाची जागा ते पूर्णपणे घेऊ शकत नाही, असा आक्षेप घेतला जातो.

अडचणी व टीका

कर्मचारीसंख्येबाहेरचा दर्जा कागदावर स्पष्ट असला तरी मनुष्यबळाच्या तुटवड्यात तो टिकवणे कठीण जाते. परिचारिका कमी असलेल्या पाळीत विद्यार्थी हे हाताशी असलेले मनुष्यबळ ठरते आणि शिकण्याचा हेतू मागे पडतो. उलटपक्षी, हा दर्जा म्हणजे केवळ पाहत राहणे असा अर्थ घेतल्यास विद्यार्थ्याला कामाची सवय लागत नाही. कोविड-१९ च्या साथीत इ.स. २०२० मध्ये आणीबाणीच्या मानकांखाली ही तरतूद तात्पुरती शिथिल झाली आणि अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सहा महिन्यांतील विद्यार्थ्यांना वेतनावर काम करण्याचा पर्याय देण्यात आला. विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्यातील सीमारेषा कोठे असावी, या जुन्या वादाला त्यामुळे पुन्हा तोंड फुटले.

प्रवासखर्च, निवास व रात्रपाळीमुळे बुडणारे अर्धवेळ काम यांचा भार विद्यार्थ्यांवर पडतो. ऑस्ट्रेलियात या प्रश्नाची दखल घेऊन जुलै २०२५ पासून परिचर्येसह काही अभ्यासक्रमांच्या पात्र विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकाच्या काळात साप्ताहिक साहाय्य देण्याची शासकीय योजना सुरू झाली.

भारतातील व्यवस्थेशी तुलना

भारतात दिल्ली व वेल्लोर येथे इ.स. १९४६ मध्ये परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. या शिक्षणाची मानके भारतीय परिचर्या परिषद ठरवते. महाराष्ट्रातील बहुतांश परिचर्या महाविद्यालये नाशिक येथे इ.स. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. भारतीय व्यवस्थेचा भर भागीदारीपेक्षा मालकीवर राहिला आहे. परिषदेच्या निकषांनुसार शिक्षणसंस्थेचे स्वतःचे किमान १०० खाटांचे मूळ रुग्णालय असणे अपेक्षित असते आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण मानले जाते. मूळ रुग्णालयात नसलेल्या विषयांसाठी, उदाहरणार्थ मानसोपचारासाठी, इतर रुग्णालयांशी संलग्नता घेतली जाते. सामुदायिक परिचर्येचा अनुभव प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मिळतो. विद्यार्थ्यांमध्ये या नेमणुकीस 'क्लिनिकल पोस्टिंग' म्हणतात.

ब्रिटनमध्ये रोजचे शिकवणे व मूल्यमापन वॉर्डातील परिचारिकांकडे असते, तर भारतात महाविद्यालयाच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांसोबत वॉर्डात जाऊन शिकवणे अपेक्षित असते. रुग्णालय आणि महाविद्यालय यांचे व्यवस्थापन एकच असल्यास समन्वय सुलभ होतो. परंतु विद्यार्थ्याला मनुष्यबळ म्हणून वापरण्याचा, म्हणजे ब्रिटनने ज्या कारणासाठी जुनी पद्धत सोडली, तो धोका अशा व्यवस्थेत अधिक असतो. संलग्न रुग्णालयांच्या बाबतीत मात्र दोन्ही देशांतील प्रश्न सारखेच आहेत : वॉर्डातील परिचारिकेला अभ्यासक्रमाची माहिती आहे काय, विद्यार्थ्याच्या चुकीची नोंद महाविद्यालयापर्यंत पोहोचते काय आणि त्याने पाहिलेली रुग्णसेवेतील उणीव ऐकून घेणारी जबाबदार व्यक्ती ठरलेली आहे काय.

हे सुद्धा पहा

• परिचर्या
• फ्लॉरेन्स नाइटिंगेल
• राष्ट्रीय आरोग्य सेवा (युनायटेड किंग्डम)
• भारतीय परिचर्या परिषद
• महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ